मोटारसायकलची काच आणि मागची सीट

आमच्या घरात नवऱ्याला अहो म्हणायची पद्धत होती आणि मी ती आयुष्यभर पाळली. इथे मात्र मी त्याला तो म्हणणार आहे. जे सांगायचं आहे ते आदरार्थी बहुवचनात नीट बसत नाही.

मोटारसायकलला पुढे काच बसवायची, हे त्याने एका वर्षी गणपतीच्या दिवसांत ठरवलं. कारण काय, तर वाऱ्याने मान आखडते. तीच मान कट्ट्यावर उभ्या उभ्या दोन तास गप्पा हाणताना कधी आखडत नसे. घरात मी काही विचारलं की ती लगेच वर्तमानपत्रात खाली वाकत असे, तेव्हाही तिला काही होत नसे. ती आखडायची फक्त सकाळी, शनिवार पेठेतून खडकीला जाताना, मी मागे बसलेली असताना. पण तेव्हा मी नवी होते आणि मला त्या मानेची खरोखर काळजी वाटली. मी रात्री तिला तेल चोळून दिलं.

शनिवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या आणि माणसं पाच. सासूबाई, सासरे, धाकटा दीर आणि आम्ही दोघं. बाहेरच्या खोलीत सासरे आणि त्यांचा रेडिओ, आतल्या खोलीत स्वयंपाक, आणि रात्री त्याच खोलीत एक पडदा ओढला की ती आमची. पडदा फुलाफुलांचा होता आणि त्यातून सगळं ऐकू जाई. नवऱ्याला नुसतं 'उद्या लवकर या' म्हटलं तरी सकाळी सासरे विचारत, लवकर कशाला. त्यामुळे घरात मी त्याच्याशी भाजी, दूध आणि रॉकेल यांच्यापलीकडे काही बोलत नसे.

आमचं बोलणं व्हायचं ते गाडीवर. तो खडकीच्या कारखान्यात होता आणि मी तिथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. सकाळी दोघं एकत्र निघत असू. साडी नेसून मी एका बाजूला पाय सोडून बसे, उजवा हात त्याच्या खांद्यावर, मांडीवर पर्स आणि डबा. नवा पूल ओलांडला की शिवाजीनगर, मग वाकडेवाडी, मग खडकी. तेवढ्या रस्त्यात मला सासर नव्हतं. मी त्याच्या खांद्याशी तोंड नेऊन बोलायची आणि तो मान किंचित वळवून उत्तर द्यायचा. माझ्या संसारातलं जेवढं खरं बोलणं झालं ते त्या सीटवर झालं, असं म्हटलं तरी चालेल.

त्या पावसाळ्यात बोलण्याचा विषय एकच होता. कारखान्याच्या क्वार्टरसाठी त्याचा नंबर लागला होता. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, घरात नळ, मागे दार आणि दारामागे कपडे वाळत घालण्याइतकी जागा. माझ्या शाळेतली एक बाई त्याच क्वार्टरच्या ओळीत राहत होती, तिचा नवराही कारखान्यातच होता. तिच्याकडे मी चहाला गेले तेव्हा तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि आम्ही दोघी मोठ्याने हसलो. कुणी विचारायला आलं नाही, काय झालं म्हणून. त्या दिवशी मला ती क्वार्टर इतकी हवीशी वाटली की घरी येईपर्यंत मी पलंगाची जागाही ठरवून टाकली. हो की नाही ते दिवाळीच्या आत कळवायचं होतं, आणि नाही म्हटलं की नंबर पुन्हा रांगेच्या शेवटी.

मी रोज सकाळी त्याला सांगायची. पलंग कुठे ठेवू, खिडकीला कसला पडदा लावू, सासूबाईंना रविवारी जेवायला बोलावू. तो म्हणायचा, "बघू." पुण्यातल्या पुरुषाचं बघू ज्याने ऐकलं आहे त्याला मी जास्त काही सांगायला नको. ते हो नसतं आणि नाहीही नसतं. ते बोलणाऱ्याचं तोंड दुखेपर्यंत थांबायचं एक ठिकाण असतं. पण मला तोंडदुखी नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायची, आणि त्याची मान पुन्हा आखडायची.

तर काच. ती खरी काच नव्हती, अॅक्रिलिकचा वाकवलेला पत्रा होता, पण सगळे तिला काचच म्हणत. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथे तो मला घेऊन गेला. दुकानदाराचं घराणं त्या पेठेत तीन पिढ्या तोच धंदा करत होतं आणि त्यांच्या जिभेवर गिऱ्हाइकासाठी साखर कायमची ठेवलेली असे. त्याने आधी बुटकी काच काढली. नवरा फुटपाथला लावलेल्या गाडीवर बसला, हँडल धरलं आणि तोंड गंभीर केलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, ही तुमच्यासाठीच बनलीये." मग मधली काढली. तीही साहेबांसाठीच बनली होती. मग सगळ्यात उंच काढली, जी साहेबांच्या कपाळाच्याही वर जात होती, आणि ती तर साहेबांना बघूनच बनवली असावी.

आता एवढं तर मलाही कळत होतं की काचेची वरची कड नाकाच्या शेंड्याशी आली पाहिजे. म्हणजे वारा डोक्यावरून जातो आणि डोळे काचेवरून सरळ रस्ता बघतात. काच कपाळाच्या वर गेली की रस्ता काचेतून बघावा लागतो, आणि काचेवर चिखल, धूळ, चिलटं आणि चुकीच्या फडक्याचे ओरखडे असतात. मी म्हटलं, "अहो, मधली बरी दिसते. वरून बघता येईल."

"वरून वारा येईल," तो म्हणाला.

दुकानदार म्हणाला, "साहेबांना बरोबर कळतं." साहेबांनी उंच काच घेतली.

ती बसवण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी आमच्या दारात झाला. समोरच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहत. नोकरीत त्यांनी आयुष्यभर फायलींवर शिक्के मारले, पण निवृत्तीनंतर त्यांना वाऱ्याचा अभ्यास जडला होता. गाडी म्हणून त्यांनी आजवर फक्त सायकल चालवली होती, तीही हातात धरून. ते खुर्ची घेऊनच खाली आले. मग आणखी चौघं जमले. आमच्या पेठेत दुसऱ्याच्या गाडीवर पाना फिरू लागला की माणसांना आपोआप कळतं, त्याला निरोप लागत नाही.

हँडलला क्लॅम्प, क्लॅम्पला दांड्या, दांड्यांना काच. मध्ये रबरी वायसर घालायचे, नाहीतर काच थरथरते. वायसर घालायचे राहिले, म्हणून सगळं उतरवलं. मग काच किती कलती ठेवायची यावर परिषद भरली. निवृत्त गृहस्थ म्हणाले, उभी. दुसरा म्हणाला, उभी ठेवली तर गाडी मागे ओढेल. तिसऱ्याने बिडी पेटवून धूर काचेवर सोडला आणि धूर कुठे जातो ते सगळ्यांनी वाकून पाहिलं. धूर निवृत्त गृहस्थांच्या नाकात गेला. एवढ्या वेळात मी दोनदा चहा खाली नेला. त्या सहा माणसांपैकी एकानेही मला विचारलं नाही की मागे बसणाऱ्या बाईचं काय. गाडीवर मागे बसणारी बाई हे त्यांच्या दृष्टीने सामान होतं, आणि सामानाला वारा लागत नाही.

सामानाची गरज लागली ती चाचणीला. नवरा म्हणाला, "बस मागे, वजन पाहिजे." आम्ही पूल ओलांडून संगमापर्यंत गेलो आणि परत आलो. तो खाली उतरला तो उजळलेल्या चेहऱ्याने. जमलेल्या मंडळींना सांगू लागला, "पुढे अगदी देवघरात बसल्यासारखं वाटतं हो. शांत. इंजिनाचा एकेक ठोका ऐकू येतो." मंडळींनी माना हलवल्या. माझे केस सुटून उभे राहिले होते आणि उजव्या कानात कुणीतरी गिरणी लावली होती.

कारण साधं आहे. काचेने वारा नाहीसा होत नाही, तो वर चढतो आणि पुढच्याचं डोकं चुकवून मागे खाली कोसळतो. मागचा माणूस सरळ बसला असेल तर तो तोंडावर येतो. मी एका बाजूला पाय सोडून बसत होते, म्हणजे माझा उजवा कान बरोबर पुढे होता. साडी नेसलेल्या पुण्यातल्या निम्म्या बायका अशाच बसत होत्या, पण वाऱ्याच्या एकाही अभ्यासकाने त्या बसलेल्या बघितल्या नव्हत्या.

मी सांगितलं. उतरल्यावर, शाळेच्या फाटकाशी, सांगितलं की मागे फार आवाज होतो, काही ऐकू येत नाही. तो म्हणाला, "बघू." पुढच्या रविवारी त्याने काच बोटभर कलती केली. आवाज गिरणीचा होता तो विमानाचा झाला. त्याच्या पुढच्या रविवारी बोटभर वर केली. तो प्रत्येक वेळी मला मागे बसवून चक्कर मारी आणि परत आल्यावर निवृत्त गृहस्थांना विचारी की कसं वाटतंय. ते खुर्चीत बसून सांगत, आता सुधारलं आहे.

असे ते दिवस गेले. सकाळी मी मागे बसे आणि पुलापासून खडकीपर्यंत तोंड मिटून कान दाबून धरी. सुरुवातीला मी ओरडून बोलायचा प्रयत्न केला. क्वार्टरचं काय केलंत, असं वाकडेवाडीला ओरडले, तर शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. उत्तर आलं असलं तरी मला कळलं नाही. कधी कधी आरशात त्याचे ओठ हलताना दिसत. मला वाटे, कुणाला तरी शिव्या देतोय. त्या रस्त्यावर शिव्या देण्यासारखं पुष्कळ होतं. घरी विचारायची सोय नव्हती आणि शाळेच्या फाटकाशी विचारलं की त्याला नेमका उशीर झालेला असे. दिवाळी जवळ येत होती. माझा जीव वरखाली होत होता, आणि तो काच पुसत होता.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या गाड्या धुऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहत. सासूबाई दर वर्षी हँडलला झेंडूचा हार घालत. त्या वर्षी हार घेऊन खाली आल्या तर हँडल काचेच्या मागे दडलेलं. नवरा म्हणाला, "आरशाला अडकव ना."

"आरशाला काय म्हणून? पूजा गाडीची आहे, तुझ्या भांगाची नाही," त्या म्हणाल्या.

"काचेवर नको. पुढचं दिसणार नाही."

"एरवी तरी काय दिसतं त्यातून तुला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हार काचेच्या वरच्या कडेवर बसवला. दोन्हीकडे सुतळीने दांड्यांना घट्ट बांधला. चांगला मनगटाएवढा जाड हार, मध्ये मध्ये आंब्याची पानं. काचेला कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकापुढे लिंबू ठेवलं आणि त्या वर निघून गेल्या. माझी सासू कजाग बाई होती, पण तिने बांधलेली गाठ सुटत नसे.

दुपारी श्रीखंड-पुरी झाल्यावर आम्ही दोघं खडकीला निघालो, माझ्या शाळेतल्या त्या बाईंना सोनं द्यायला. निघताना तो हार सोडायला गेला तेव्हा वरून खिडकीतून आवाज आला, "संध्याकाळपर्यंत राहू दे." म्हणून हार राहिला.

पूल ओलांडला. शिवाजीनगर गेलं. मी सवयीने कानावर हात धरून बसले होते. रस्ता सुट्टीमुळे मोकळा होता आणि गाडी चांगली वेगात होती. वाकडेवाडी आली तेव्हा मला नवऱ्याचं खाकरणं ऐकू आलं. मी हात खाली घेतला. इंजिनाचा आवाज येत होता, आंब्याची पानं फडफडत होती, पण गिरणी बंद झाली होती. काचेच्या धारदार कडेवरून जो वारा उसळून माझ्या कानात पडायचा, तो त्या झेंडूंमध्ये अडून मोडून गेला होता. त्या परिषदेला इतक्या रविवारांत जे जमलं नाही ते सासूबाईंच्या हाराने करून टाकलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी हसले. मग खांद्याशी तोंड नेऊन नेहमीच्या आवाजात विचारलं, "अहो, क्वार्टरचं काय ठरवलंत?"

"क्वार्टरचं?" तो म्हणाला. तोही नेहमीच्याच आवाजात. "ते झालं की. नाही म्हणून सांगून टाकलं मी."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. तुला सांगितलं होतं."

"कधी सांगितलंत?"

"इथेच. वाकडेवाडीला. गाडीवर सांगितलं नाही का? म्हटलं, आईला बरं वाटणार नाही, आपण नाही म्हणून टाकू." त्याने गिअर बदलला. "तू काही बोलली नाहीस. म्हटलं, पटलंय तुला."

मी म्हटलं, "मला मागे काही ऐकू येत नाही, हे मी तुम्हाला रोज सांगत होते."

"मला तुझं सगळं ऐकू येत होतं," तो म्हणाला. "पुढे शांत असतं."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. माझं ओरडणं त्याला ऐकू येत होतं. पडद्याचा रंग, पलंगाची जागा, सगळं त्या देवघरात बसून तो ऐकत होता. आणि उत्तर त्याने काचेला दिलं होतं, हळू आवाजात, तोंड पुढे ठेवून, म्हणजे सांगितल्याचं पुण्य पदरात पडावं आणि ऐकणाऱ्याचं तोंड बघायला लागू नये. मी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि मागच्या लोखंडी दांडीला धरलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती किळस. मी म्हटलं, "गाडी वळवा."

घरी आलो तेव्हा बाहेरच्या खोलीत सगळे होते, शिवाय सोनं द्यायला आलेले निवृत्त गृहस्थही. मी चपला काढल्या आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या खोलीत मोठ्या आवाजात बोलले. "आई, यांनी खडकीची क्वार्टर नाकारली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

सासूबाई पोह्यांचा डबा पुसत होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "मला?" त्या म्हणाल्या. "मला तर गणपतीतच कळलं होतं क्वार्टरचं. म्हटलं, सुटलो. पाय पसरायला जागा होईल. मी धाकट्याला सांगूनही ठेवलं होतं, आतली खोली तुझी." मग डबा खाली ठेवून म्हणाल्या, "मला विचारलंस तरी का रे?"

दीर भिंतीकडे बघत होता. निवृत्त गृहस्थांना वाटलं, आता विषय बदलावा. त्यांनी विचारलं, "काचेवर हार दिसला आज. वाऱ्याला काही फरक?"

आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा उजळला. देवाशपथ उजळला. तो म्हणाला, "फरक म्हणजे काय, हिला मागे सगळं ऐकू आलं." दोघंही लगेच खाली गेले. मी खिडकीतून पाहिलं. दोघं काचेच्या कडेला बोट लावून उभे होते, हाराची जाडी वितीने मोजत होते. थोड्या वेळाने आणखी तिघं आले. अंधार पडेपर्यंत त्यांनी सायकलची जुनी ट्यूब मधोमध चिरली, तिच्यात चिंध्या भरल्या आणि ती हाराच्या जागी काचेच्या कडेवर चढवली. क्वार्टर गेली ती गेली. आमचा नंबर पुन्हा लागेपर्यंत माझा थोरला मुलगा शाळेत जायला लागला होता आणि मी त्या फुलाफुलांच्या पडद्यामागे दोन बाळंतपणं काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी मागे बसले. हात दांडीला. पूल ओलांडला आणि त्याने मान किंचित वळवली. "आता ऐकू येतंय ना?"

मी बोलले नाही.

शिवाजीनगरला त्याने पुन्हा विचारलं. वाकडेवाडीला गाडी कडेला घेतली, उतरला, डिकीतून पाना काढला, क्लॅम्प सैल करून काच जराशी खाली केली, ट्यूब दाबून बघितली. मला म्हणाला, "थोडं राहिलं असेल. आता सांग." आणि गाडी सुरू केली. पुढे सिग्नलपाशी आणखी एकदा थांबला, काच परत वर केली. त्याला घाम आला होता. खडकी येईपर्यंत तो विचारत राहिला, ऐकू येतंय का, आता येतंय का, काहीतरी बोल ना. पुढे किती तरी दिवस तो ती काच वरखाली करत राहिला.

मला पहिल्याच दिवसापासून अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.